आधी ओळख, मग काम

बडोद्यातले मराठी म्हटले की आपल्याला सयाजीराव आठवतात. माझ्या बहिणीच्या सुभानपुऱ्यातल्या घरी मात्र वेगळीच पोथी चालते. भाचा क्लस्टरवर, म्हणजे हजारो संगणक जोडून केलेल्या महासंगणकावर काम करतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहराच्या कितीतरी वस्त्यांत शिरले. तेव्हापासून त्या घरात पावसाचा अंदाज हा गंमतीचा विषय उरलेला नाही. "मामा, अंदाज नुसता बरोबर असून काय उपयोग? वेळेत यायला हवा," भाचा म्हणाला.

पुण्याच्या आयआयटीएममध्ये २०२४ सालीच ११.७७ पेटाफ्लॉप्सचा 'अर्क' आला. असल्या यंत्रावर आकाशाचे तुकडे पाडतात आणि एकेक तुकडा एकेका प्रोसेसला देतात. वाऱ्याला आपण पाडलेल्या सीमा ठाऊक नसतात, त्यामुळे प्रत्येक प्रोसेसला शेजारणीशी बोलावेच लागते. पण नुकत्या सुरू झालेल्या प्रोसेसला आपण कितव्या, एकूण किती, शेजारीण कुठे, यातले काहीच कळत नाही. ते कळवणारी व्यवस्था म्हणजे पीएमआय आणि तिची अतिप्रचंड यंत्रांसाठीची नवी आवृत्ती पीएमआयएक्स.

प्रत्येकीला शून्यापासून पुढचा नंबर मिळतो. मग ती आपला पत्ता जाहीर करते आणि बाकीच्यांचे पत्ते येईपर्यंत थांबते. या थांबण्याला 'फेन्स' म्हणतात. मला आपला वास्कोचा दामोदर सप्ताह आठवला. चोवीस तास भजन अखंड चालते, कारण कोणाची पाळी कोणानंतर हे आधीच ठरलेले असते. (तिथे कुंपण लागत नाही, हा भाग वेगळा!)

गोची आकड्यांत आहे. हजार जणींनी प्रत्येकीचा पत्ता आपल्याजवळ ठेवला तर दहा लाख नोंदी होतात; लाखभर असल्या तर हिशेबच नको. शिवाय त्या गोळा होईपर्यंत खरे गणित सुरूच होत नाही. पीएमआयएक्समध्ये एका संगणकावरच्या सगळ्याजणी मिळून सामायिक मेमरीतली एकच प्रत वाचू शकतात, आणि लांबचा पत्ता गरज पडेल तेव्हाच मागवता येतो. हवामानाच्या गणितात बोलणे बहुतेक शेजारपाजारीच असते, तेव्हा हे मला फार शहाणपणाचे वाटले.

एक प्रोसेस मेली तर सहसा सगळे काम कोसळते. पीएमआयएक्स उरलेल्यांना मृत्यूची वर्दी देऊ शकते. पुढे काय करायचे ते प्रोग्राम लिहिणाऱ्याने ठरवायचे, आणि भाच्याचे सध्याचे रात्रीचे जागरण त्यासाठीच चालले आहे.