दादाचा पत्ता

आमचा दादा १९७४ साली बेळगावला मराठा लाईट इन्फन्ट्रीत भरती झाला. पुढे चार वर्षांनी त्याची निवड लष्कराच्या गुप्तवार्ता विभागासाठी झाली. त्याचे शिक्षण पुण्यात झाले.

पत्रावर क्रमांक, नाव आणि 'मार्फत ५६ ए.पी.ओ.' एवढेच आधीही असे. पण आत बर्फाच्या, सोबत्यांच्या गोष्टी असत. आता नुसती खुशाली आणि पीकपाण्याची चौकशी. गावात म्हणत, "कारकुनी करतो वाटतं!" आईला ते लागे.

१९८३ साली वडील वारले. तार केली, पण दादा तेराव्यालाही आला नाही. मी दोन वर्षे त्याला पत्र टाकले नाही.

निवृत्त होऊन आल्यावर एकदा बांधावर बसून मी विचारले, "दादा, हेरगिरी म्हणजे काय रे?"

तो म्हणाला, "कुंपणाची काटी हलली तर तुला कळतं ना? तसंच. दिसलं ते लिहायचं, दुसऱ्याकडून पडताळायचं, मग वर कळवायचं. अन् घरी बोलायचं नाही."

मग म्हणाला, "तार मिळाली होती." पुढे बोलला नाही.

मे १९९९ मध्ये कारगिलला घुसखोर शिरल्याची पहिली खबर ताशी नामग्याल या मेंढपाळाने दिली. तो हरवलेला याक शोधत होता. ते वाचले आणि दादाची काटी आठवली.

तेव्हा तो कुठे होता, हे मी अजून विचारलेले नाही. तुमच्या पोराच्या पत्रात नुसती खुशाली असेल, तर रागावू नका. उत्तर मात्र धाडा.