मंद आच आणि मोठी आच

आम्हा सोलापूरकडच्या माणसांना ऊब ही काही पैसे मोजून घ्यायची वस्तू वाटत नाही. फाल्गुन सरतो न सरतो तोच ती फुकट आणि नको इतकी मिळू लागते. खर्च करायचा तो गारव्यासाठी. म्हणून मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही उभयता डिसेंबरात अमेरिकेतल्या मिनिआपोलिसला पोचलो आणि जावईबापूंनी "घरासाठी नवी भट्टी घेतली आहे" असे अभिमानाने सांगितले, तेव्हा मला जरा गंमतच वाटली. चंद्रशेखर आगाशे यांनी 1934 साली स्थापलेल्या शुगर सिंडिकेटचा कारखाना श्रीपूरला उभा राहिला, तेव्हापासून आमच्या गावाचा नि भट्टीचा घरोबा! त्यातून माझा सारा जन्म कारखान्याच्या वीजखात्यात गेलेला. मला भट्टीचे कौतुक ते काय असणार?

परंतु ही भट्टी निराळी होती. तळघरात कपाटाएवढी पत्र्याची पेटी. आत गॅसच्या ज्योतींनी नळ्या तापतात, पंखा त्या नळ्यांवरून हवा ढकलतो आणि ती ऊन हवा पत्र्याच्या बोगद्यांतून खोल्याखोल्यांत जाते. धुराची वाट वेगळी, थेट घराबाहेर. विशेष म्हणजे हिची आच दोन प्रकारची. मंद आच साधारण दोन-तृतीयांश ताकदीची, रोजच्या थंडीसाठी; मोठी आच पाऱ्याने शून्याखाली वीस अंश गाठले म्हणजे. वर दिवाणखान्याच्या भिंतीवर या भट्टीचा कारभारी: थर्मोस्टॅट नावाची वाटोळी डबी. डबी म्हणे मोठी शहाणी. घरात माणसे केव्हा असतात, केव्हा निजतात, हे ती आपले आपण ओळखते.

एवढे सगळे शहाणपण असून घरात सुख नव्हते. बाहेर थंडी बेताची असली तरी भट्टी सुरू झाल्यावर दहाबारा मिनिटांत ती एकदम घोंघावू लागे. खोली भसकन तापे, भट्टी बंद पडे, पुन्हा गारठा. बाळ त्या आवाजाने दचकून उठे. पाठोपाठ त्याची आई उठे. रात्री तीन तीन वेळा हा प्रकार. "यापेक्षा माझी निखाऱ्यांची शेगडी काय वाईट होती?" असे आमच्या सौभाग्यवतींनी दोनदा ऐकवले. त्या बंद घरात शेगडी पेटवणे म्हणजे विषारी वायूला आमंत्रण, हे त्यांना पटवता पटवता मी थकलो.

मला राहून राहून आठवत होते ते गुऱ्हाळ. काहिलीजवळ गुळव्या उभा असतो. रसाचा रंग, फेस, बुडबुडे पाहत असतो; पाक थोडासा गार पाण्यात टाकून गोळी होते का ते बघतो. चुलवाण मात्र खाली, पलीकडच्या बाजूला. चिपाडे सारणाऱ्याला काहिलीतले काही दिसत नाही. तो कान देऊन असतो तो गुळव्याच्या हाकेकडे. प्रथम भडका हवा. पाक घट्ट होत आला की जाळ ओढायचा. ती हाक वेळेवर पोचली नाही तर सारी काहील करपते आणि शेतकऱ्याच्या कष्टाचे मातेरे होते. जाळ एकाच्या हाती, पारख दुसऱ्याच्या. मधला धागा फक्त हाकेचा.

गंमत अशी की थर्मोस्टॅटचा जन्मही हाकेतूनच झाला. अमेरिकेतल्या व्हाइटवॉटर गावी वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक शिकवीत. वर्गात किती थंडी आहे हे पाहायला शिपाई वरचेवर आत येई नि शिकवण्याचा विरस होई. त्यांनी 1883 साली असे यंत्र केले, की वर्ग फार तापला वा गारठला की खाली शिपायाजवळ घंटा वाजावी. पुढे दोनच वर्षांनी, याच मिनिआपोलिसमध्ये, अल्बर्ट बट्झ यांनी भट्टीची झडप आपोआप उघडणारी युक्ती काढली आणि मधला शिपाई गेला. हाक मात्र राहिली. ती तारेतून जाऊ लागली.

तेव्हा आमच्या भट्टीची हाक कुठे अडते, हे पाहणे आले. एरवी "बाबा, तुम्ही बसा" म्हणणारे जावईबापू त्या रविवारी म्हणाले, "बाबा, तारांचे खालचे टोक तुम्ही बघता का?" भट्टीची वीज बंद करून मी तळघरात गेलो, ते वर डबी उघडून उभे राहिले. मजल्यामजल्यांतून आमच्या हाका सुरू झाल्या. "लाल?" "चोवीस व्होल्टची!" "निळी?" "परतीची!" या परतीच्या तारेवाचून शहाण्या डबीला अखंड वीज मिळत नाही. हिरवी पंख्याची, पिवळी उन्हाळ्यातल्या गारव्याची, पांढरी मंद आचेची. आणि मोठ्या आचेची? तिच्या जागी काहीच नव्हते! तपकिरी तार दोन्ही टोकांना गुंडाळून ठेवलेली. बसवणाऱ्या कारागिराने एकाच तारेवर काम भागवले होते आणि भट्टीतले एक बारीक बटण असे लावले होते, की ठरावीक मिनिटे झाली की मोठी आच पेटावी. म्हणजे दुसरी आच थंडी बघून नव्हे, घड्याळ बघून पेटत होती.

गॅसच्या बाजूला आम्ही हात लावला नाही. ते काम परवानाधारकाचे. तपकिरी तार दोन्ही टोकांना तिच्या जागी जोडली, बारीक बटण फिरवून घड्याळाची सत्ता काढून घेतली आणि भट्टी दोन आचांची असल्याचे डबीला सांगितले. वीस मिनिटांचे काम. त्या रात्री भट्टी बराच वेळ मंद मंद चालत राहिली. बाळ झोपले, बाळंतीण झोपली, आणि शेगडीचा विषय निघाला नाही. जानेवारीत कडाका पडला तेव्हा मोठी आच पेटली. पण तिला डबीने बोलावले होते.

तेव्हापासून ओळखीत कुणी बाळंतपणासाठी त्या थंड मुलखात निघाले, की डिंकाच्या लाडवांची चौकशी झाल्यावर मी त्यांना एवढेच विचारतो: "तिथल्या भट्टीला तारा किती आहेत?"