काशिदला जाताना कोर्लईत थांबा

डिसेंबर आला की आपल्या फीडवर न्यूरेंबर्गच्या ख्रिसमस बाजाराचे फोटो सुरू होतात. हौस आहे, जरूर जावं. पण रेवदंड्याची खाडी ओलांडली की कोर्लई लागतं. तिथला नाताळ किती जणांना माहीत आहे?

१५९४ साली पोर्तुगीजांनी कोर्लईचा किल्ला निजामशाहीकडून घेतला. १७४० मध्ये चौल-रेवदंडा मराठ्यांकडे आलं, पोर्तुगीज गेले. ख्रिस्ती वस्ती मात्र राहिली. पोर्तुगीज आणि मराठीतून घडलेली त्यांची बोली आजही घराघरात बोलतात. नाव 'नौ लिंग', म्हणजे आपली भाषा. बोलणारे जेमतेम हजारभर. अमेरिकेतल्या क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ मध्ये तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. आपण? किल्ला, दीपगृह, सेल्फी, की गाडी थेट काशिदला.

पोरं मराठी-इंग्रजीत शिकतात, पोटापाण्यासाठी बाहेर पडतात. बोली टिकायची तर तिला गावातच मान आणि काम मिळायला हवं. किल्ला दाखवायला गावातलीच मुलं गाईड म्हणून का नकोत? पर्यटनाच्या बैठकांत पार्किंगसोबत हाही विषय घ्या की!

आणि नाताळात गेलात तर विचारून फोटो काढा. ती माणसांची घरं आहेत, संग्रहालय नाही.