वादळात पडलेलं लाकूड

फुकटची वस्तू म्हटली की माणसं धावत येतात, असा आपल्याकडे समज आहे. सरपणाच्या बाबतीत माझा अनुभव उलटा आहे. 2020 च्या जूनमध्ये धरणगाव तालुक्यातल्या आमच्या शेतावर लाकूड पडलंय, ज्याला हवं त्याने न्यावं, असं गावात सांगून दोन दिवस झाले होते. तोवर एक फांदीही कुणी उचलली नव्हती.

त्या वर्षीचं निसर्ग चक्रीवादळ 3 जूनला रायगडच्या किनाऱ्यावर आलं. कोकणात त्याने नारळी-पोफळीच्या बागांचं काय केलं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. तिथून ते ईशान्येकडे सरकलं आणि आमच्या बाजूला येईस्तोवर त्याचा दम गेला होता. पण खानदेशात जून लागताना झाडं पाडायला चक्रीवादळच लागतं असं नाही. रावेर-यावलच्या केळीवाल्यांना विचारा. अर्ध्या तासाच्या वावटळीत घड लागलेली बाग आडवी होते आणि वर्षभराचा पैसा मातीत जातो. त्या केळीचा तर सरपणालाही उपयोग नाही. खोड म्हणजे नुसतं पाणी.

आमचं शेत कोरडवाहू, कपाशीचं. आमचं पीक अजून जमिनीतच होतं, त्यामुळे नुकसान बांधावर झालं. दोन कडुनिंब, एक म्हातारी चिंच आणि चार-पाच बाभळी पडल्या. चिंच पडली ती नेमकी शिवाररस्त्यावर. माझे चाचा, वय पंचाहत्तर, तिच्याजवळ बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "अपने को कौनसी दुकान खोलनी है. लोगां को बोलो, ले जाओ."

बाहेरच्या वाचकांना वाटेल, आता घरोघर गॅस आहे, लाकूड लागतं कुणाला? उज्ज्वला योजना 1 मे 2016 ला सुरू झाली आणि आमच्या गावातही लाल सिलिंडर आले, हे खरंच आहे. पण सिलिंडर घरात असणं वेगळं आणि तो भरून आणणं वेगळं. 2022 मध्ये तो हजार रुपयांच्या वर गेला, तेव्हा कितीतरी घरांत शेगडीवर कापड झाकून ठेवलेलं मी पाहिलं आहे. चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर, अशी बहुतेकांची वाटणी असते. आणि खानदेशी स्वयंपाकातल्या काही गोष्टी गॅसला दाद देत नाहीत. पुरणाचे मांडे खापरावर होतात आणि खापराला खाली चांगला जाळ लागतो. भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली नाहीत तर ते भरीत नाही, वांग्याची भाजी आहे. आमच्या नियाजची देगही लाकडावरच चढते.

म्हणूनच मे-जूनमध्ये बायकांची सरपणाची घाई असते. एकदा पाऊस लागला की कोरडी काडी मिळत नाही. शेतातल्या काड्या, तुराट्या, गोवऱ्या, जे मिळेल ते पडवीत रचून ठेवायचं. आमची झाडं पडली ती याच दिवसांत. मग कुणी का येईना?

एक कारण सगळ्यांना माहीत होतं, पण बोलत कुणीच नव्हतं. त्या वर्षी मार्चअखेर दिल्लीच्या मरकजच्या बातम्या आल्या आणि पुढचे दोन महिने मोबाईलवर कसकसले व्हिडिओ फिरले. ठिकठिकाणी आमच्या लोकांच्या भाजी-फळांच्या गाड्या गल्लीत येऊ दिल्या जात नव्हत्या. आमच्या गावात कुणी तोंडावर वाईट बोललं नाही, हे कबूल करायला हवं. पण सकाळचा रामराम थोडा लांबून होऊ लागला होता. अशा वेळी मुसलमानाच्या बांधावर जाऊन त्याचं लाकूड डोक्यावर घेऊन गावातून चालत यायचं, म्हणजे चार जणांच्या डोळ्यांसमोर यायचं.

दुसरं कारण मला नंतर कळलं आणि ते जास्त जुनं आहे. ज्यांना सरपणाची खरी गरज असते, त्यांना फुकट या शब्दाचीच भीती वाटते. शेतमालकाने आज मोळी दिली की उद्या तो निंदणीला अर्ध्या रोजात बोलावणार, हे त्यांनी पिढ्यान् पिढ्या पाहिलं आहे. फुकटची मोळी सगळ्यात महाग पडते.

तिसऱ्या दिवशी जो पहिला माणूस आला, तो फुकट न्यायला आलाच नव्हता. वीटभट्टीसाठी लाकूड गोळा करणारा होता, ट्रॅक्टर घेऊन आला होता. कापायची मशीन माझी, मजूर माझे, रस्ता संध्याकाळपर्यंत मोकळा करून देतो, वर रोख पैसे. व्यवहार म्हणून त्यात काही वाईट नव्हतं. मला तो पटलाही होता. चाचा नाही म्हणाले. "ये एक आदमी की भट्टी में आठ दिन में जल जाएगा," एवढंच म्हणाले.

त्यावरून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. सगळ्यांसाठी मोकळं, असं नुसतं म्हणून भागत नाही. मोकळं म्हणजे ज्याच्याकडे ट्रॅक्टर त्याचं. वाटायचं असेल तर नियम लागतो. आम्ही नियम केला, गाडी आणायची नाही. डोक्यावर, सायकलवर किंवा हातगाडीवर जेवढं जाईल तेवढं न्यायचं, हवं तर रोज या. नाव-गाव विचारणार नाही.

चौथ्या दिवशी भिलाटीतली एक म्हातारी आली. हातात कोयता, कमरेला दोरी. लांब उभी राहून विचारलं, "कितला पैसा देवाना?"

मी म्हटलं, पैसे नाहीत, फुकट आहे.

"फुकट कसाले?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चाचांकडे होतं. ते म्हणाले, रस्त्यावर बाभळीचे काटे पडलेत, बैलांच्या पायात जातात. काटेरी फांद्या ओढून कुंपणाला लावून दे आणि तुझी मोळी घेऊन जा. तिने मान हलवली. तासाभरात काटे बाजूला झाले, कुंपणाची दोन खिंडारंही बुजली. मग तिने आपल्या हाताने मोळी बांधली, आणि जाताना तिचं पाऊल मोकळं पडत होतं. दुसऱ्या दिवशी ती आणखी सहा जणींना घेऊन आली. आठवड्यात रस्ता मोकळा झाला. गावातलेही आले, आधी पोरं, मग बाया, शेवटी पुरुष. पुरुष सायकल घेऊन अंधार पडता पडता येत.

आमच्याकडे हदीसमध्ये पाणी, चारा आणि आग या गोष्टींत सगळ्यांचा वाटा मानलेला आहे. काही जुन्या जाणत्यांनी यातल्या आगीचा अर्थ मालक नसलेल्या रानातलं जळण असा लावला. माझा बांध तर सातबाऱ्यावर आहे, मग हे त्यात बसतं का? चाचांना विचारलं तर म्हणाले, झाड उभं होतं तोवर सातबाऱ्यावर होतं, हवेने पाडलं ते कुठे लिहिलंय? मी वाद घातला नाही.

पण ओल्या लाकडाची एक अडचण असते. जूनमध्ये पडलेला कडुनिंब जूनमध्ये जळत नाही. नुसता धुपतो आणि डोळ्यांतून पाणी काढतो. फोडून, आडोशाला रचून ठेवला तर दिवाळीला कामाला येतो. म्हणजे आम्ही वाटत होतो ते पुढचं सरपण होतं. वाळलेलं लाकूड आमच्या शेडमध्ये वेगळं होतं. आदल्या वर्षीची बाभूळ, फोडून रचलेली, चाचांच्या नातीच्या लग्नाच्या देगांसाठी. लग्न एप्रिलचं होतं, लॉकडाऊनमध्ये पुढे ढकललं गेलं.

एका रात्री पावसात शेजारच्या गावचा एक माणूस मोटारसायकलवर आला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की इथे लाकूड मिळतं. त्याचे वडील संध्याकाळी वारले होते. स्मशानातलं लाकूड भिजलेलं, वखार तालुक्याला, आणि त्या दिवसांत रात्री तिकडे जाऊन दार ठोठावायची सोय नव्हती. सरणाला तीन क्विंटलच्या आसपास लाकूड लागतं, आणि ते कोरडं लागतं. सरपण आणि सरण यांत एका अक्षराचा फरक आहे, पण सरणाला ओलं चालत नाही.

चाचांनी शेड उघडलं. घरातून चाचीचा आवाज आला, शादी का लकडी है. चाचा म्हणाले, शादी रुक सकती है. तो माणूस पहाटे बैलगाडी घेऊन आला, आम्ही ती भरून दिली, वर ताडपत्री बांधली. गाडी न आणण्याचा नियम आम्हीच मोडला. त्याने खिशातून पैसे काढले तेव्हा चाचांनी त्याचा हात धरून परत खिशाकडे नेला. त्या दिवसांत कुणी कुणाचा हात धरत नव्हतं. तो माणूस पुन्हा कधी आला नाही आणि यायची गरजही नव्हती. नातीचं लग्न पुढे पन्नास माणसांच्या मर्यादेत झालं. देग चढलीच नाही, गॅसवरच्या पातेल्यात भागलं.

शहरात हेच झाड पडलं की गोष्ट वेगळी होते. माझी बहीण धुळ्याला पांझरेच्या काठाजवळ राहते. तिच्या गल्लीतला गुलमोहर पडला, तेव्हा सकाळी यंत्र आलं, ओंडके डंपरमध्ये गेले, पाला-फांद्या चार दिवस तिथेच. त्या फांद्या रात्री कुणी कुणी ओढून नेल्या, चोरी करावी तशा. जळगाव-धुळे महामार्ग रुंद करताना तरसोदपासून फागण्यापर्यंत जुनी सावली देणारी झाडं गेली, त्यांच्या लाकडाचाही असाच हिशोब सरकारी कागदावर झाला. लिलावाला माझा विरोध नाही. पण ज्या बाईला दोन मोळ्या हव्यात, ती लिलावात बोली लावू शकत नाही.

एक शंका मात्र मला सोडत नाही. लाकूड देणं म्हणजे धूर देणंही आहे. माझी आई चुलीपुढे खोकत म्हातारी झाली. ज्या म्हातारीला मी मोळी दिली, तिच्या छातीत तो धूर गेलाच असणार. तिला भरलेला सिलिंडर देता आला असता तर ते जास्त बरं झालं असतं. पण मी दिली नसती तर ती लाकडाशिवाय राहिली असती असंही नाही. तिने कपाशीच्या काड्या जाळल्या असत्या, प्लास्टिक जाळलं असतं, नाहीतर तीन कोस लांब रानात गेली असती.

तुमच्या बांधावर झाड पडलं, तर अनुभवातून चार गोष्टी सांगतो. आधी विजेची तार पाहा आणि लाइनमन आल्याशिवाय फांदीला हात लावू नका. मग फोटो काढा आणि तलाठ्याला कळवा. 1964 च्या वृक्षतोडीच्या कायद्याच्या यादीत चिंच, आंबा, जांभूळ येतात, तेव्हा झाड पडलेलं आहे, पाडलेलं नाही, याचा पंचनामा असलेला बरा. ओंडके दोन-दोन हातांचे कापून ठेवा, नाहीतर ज्याच्याकडे मशीन नाही त्याच्या ते उपयोगाचे नाहीत. आणि फुकट आहे असं ओरडून सांगू नका. एखादं छोटं काम सांगा, रस्ता साफ करायचं, पाला गोळा करायचं, आणि काम झालं की बांधावरून थोडं लांब जाऊन बसा. समोर मालक उभा असला की माणूस लहान मोळी बांधतो.