अंगणातील दीर्घ मुदतीची ठेव

घरापुढे कोणता फुलझाडाचा वृक्ष लावावा, यावर निवृत्तीनंतर आमच्या घरी बरीच चर्चा झाली. चिरंजीवांचा आग्रह गुलमोहराचा. कारण तो झपाट्याने वाढतो आणि वैशाखात डोळे दिपवितो. परंतु मूळचा मादागास्करचा हा वृक्ष ठिसूळ फांद्यांचा व उथळ मुळांचा. वळवाच्या वादळात त्याच्या फांद्या मोडतात, मुळे फरशी उचलतात. मुले खेळतात त्या अंगणात तो नसावा, असे माझे मत.

मी ताम्हण सुचविला. महाराष्ट्राचे राज्यपुष्प मिरविणारा हा वृक्ष टणक लाकडाचा असून उन्हाळ्यात जांभळ्या तुऱ्यांनी बहरतो. त्याला ओल मानवते. पाण्याची टंचाई असेल तेथे पिवळा बहावा उत्तम. जागा बेताची असल्यास कांचन पुरे. मात्र भिंतीपासून अंतर राखावे, विजेच्या तारांखालील जागा टाळावी.

सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, तो फुलेपर्यंत आपण असू का?”

बँकेत ठेवपावती करताना ठेवीदाराइतकीच वारसाच्या नावाची चौकशी आम्ही करीत असू. मृगाचा पाऊस पडताच ताम्हणाचे रोप नातीच्या हातून लावले.