आजींना मी परीक्षेला बसवलं

बँकेतून निवृत्त झालो आणि नेरूळच्या आमच्या सेक्टरातल्या ज्येष्ठांच्या कट्ट्याचे कार्यक्रम आखायचं काम अंगावर घेतलं. कुणी गळ घातली नव्हती. शाखा चालवलेल्या माणसाला चार म्हातारी माणसं सांभाळणं काय अवघड, असा माज होता.

सुरुवात व्याख्यानांनी केली. मधुमेह, मोतीबिंदू, मृत्युपत्र. वक्त्याला शाल-नारळ, शेवटी चहा-बिस्किटं. खुर्च्या भरायच्या म्हणून मी खूश. घरी दिवसभर बसणारी माणसं इथं येऊनही बसतच होती, हे मात्र डोक्यात आलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना पासष्टीच्या पुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगतात. शिवाय तोल आणि ताकद टिकवणारे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस तरी. आमच्याकडे तोल सांभाळावा लागायचा तो फक्त चहाचा कप धरताना.

मग हास्यक्लब. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईत सुरू केलेला हा प्रकार इतका पसरलाय की वेगळं डोकं लढवावं लागत नाही. मी तो भल्या पहाटे इमारतीच्या पार्किंगमध्ये भरवला. वरच्या मजल्यांवरून काय काय ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

१ ऑक्टोबरला, ज्येष्ठांच्या दिवशी, संगीत खुर्ची ठेवली. बक्षीस स्टीलचा डबा. गाणं थांबलं, दोघं एकाच खुर्चीवर झेपावले, प्लास्टिकची खुर्ची मागे सरकली आणि एक काका फरशीवर बसले. हाड मोडलं नाही, हे नशीब. त्यांच्या सूनबाईंनी एवढंच विचारलं, "काका, ही काय बालवाडी आहे?" मला उत्तर सुचलं नाही.

तरी सर्वांत वाईट चूक याच्यानंतरची. स्मरणशक्तीचा खेळ ठेवला. ताटात किल्ली, बटण, सुपारी, गोधडीची सुई अशा वस्तू मांडायच्या, झाकायच्या आणि आठवतील तेवढ्या कागदावर लिहायला लावायच्या. करावे गावातल्या एक आगरी आजी लेकीबरोबर आल्या होत्या. त्यांच्या हातात मी कागद-पेन्सिल दिलं. त्यांनी कागदाची नीट घडी घातली, माझ्या हातात परत दिली आणि म्हणाल्या, "ह्ये तुमचं तुमीच करा." कोपऱ्यात बसलेल्या कुणीतरी पुटपुटलं, "विसरायला झालं असेल." मी त्यांना थांबवलं नाही, उलट मलाही तसंच वाटलं.

त्या आजी धवलारीण, म्हणजे लग्नविधींची गाणी (धवले) म्हणणाऱ्या होत्या, हे मला पुढे एका हळदीला गेल्यावर कळलं. आगरी लग्नात प्रत्येक विधीचा वेगळा धवला असतो. एकेकाळी लग्नं धवलारीणच लावायची. मंडपात बसून आजी एकामागून एक धवले म्हणत होत्या, समोर कागदाचा कपटा नाही. बाकीच्या बायका मागून ओळ उचलत होत्या. सिडकोच्या इमारती उभ्या राहण्याआधी या भागात ज्यांची भातशेती होती, त्यांच्या घरची स्मरणशक्ती मी सुपारी नि बटणांनी मोजायला निघालो होतो. अक्षरओळख नसणं आणि विसरणं यांतला फरक मला, पदवीधराला, कळला नव्हता.

घरी जाऊन माफी मागितली. आजींनी ती मनावर घेतली नाही, चहा मात्र पाजला. आता त्या अधूनमधून येतात आणि धवल्याची ओळ सांगतात. आमच्या घाटावरच्या काकू, कोकणातल्या मावश्या ती पाठ करतात. त्यावर उभ्यानं, सावकाश झिम्मा. फुगडी मी बंद केली, गुडघ्यांना ती सोसत नाही. पुरुष आधी कडेला उभे राहायचे. टाळ हातात दिल्यावर आत आले. वेळही बदलली. सकाळी सातला आज्या का येत नाहीत म्हणून मी कुरकुरायचो, पण त्या तेव्हा नातवंडांना शाळेच्या बसवर सोडत होत्या. आता संध्याकाळी जमतो. व्याख्यान असलंच तर ते छोटं, आणि ज्यांना झेपतं त्यांनी उभ्यानं ऐकायचं.

तुमच्या भागात असा कट्टा सुरू करणार असाल तर पहिल्या दिवशी कार्यक्रमपत्रिका वाटू नका. कुणाला काय येतं ते विचारा, आणि त्याचाच वर्ग लावा. टाचा उचलायचे किंवा एका पायावर उभं राहायचे व्यायाम घेणार असाल तर आधाराला भिंत किंवा जड लाकडी खुर्ची द्या. प्लास्टिकची नको, ती सरकते.