तेल्यांचं शहर

कोकणात आम्हा बेने इस्रायलींना ‘शनवार तेली’ म्हणत. धंदा तेलाचा, आणि शनिवारी घाणा बंद. माझ्या वडिलांना हे नाव आवडत नसे. ‘आता कुठे आपण तेली?’ म्हणत आणि विषय बदलत. जेरुसलेमपासून सुमारे 35 किलोमीटरवर एक्रोनचे अवशेष पाहिले, तेव्हा वाटलं, बाबांना इथे आणायला हवं होतं. इ.स.पू. सातव्या शतकात या एका शहरात तेल काढायचे शंभरहून जास्त कारखाने होते! (तेही आपल्या नव्हे, पलिष्ट्यांच्या.) वर्षाला किमान 500 टन तेल निघत असावं, असा संशोधकांचा अंदाज आहे.

मी इंजिनिअर, त्यामुळे माझी नजर यंत्रावर. तीळ कोरडा, बैल फिरला की घाण्यातच तेल सुटतं. ऑलिव्ह पडलं फळ, त्यात पाणीही भरपूर. म्हणून आधी दगडी कुंडात रूळ फिरवून लगदा करायचा. मग तो टोपल्यांत भरून, टोपल्या एकावर एक रचून, वर लांबलचक लाकडी तुळई. तिचं एक टोक भिंतीत अडकवलेलं, दुसऱ्या टोकाला दगड टांगलेले. शाळेत शिकलेली तरफच ही! रस सावकाश गळतो आणि काही वेळाने तेल आपोआप वर तरंगतं.

हंगाम जेमतेम काही महिन्यांचा. तेलाच्या खोल्यांतच मागाची वजनंही सापडली, म्हणजे एरवी तिथे कापड विणत असावेत. जागा रिकामी ठेवणं कुणाला परवडतं?

इ.स.पू. 604 च्या सुमारास बाबेलच्या नबुखद्नेस्सराने शहर उद्ध्वस्त केलं. तुळया गेल्या, भोकं पाडलेले दगड राहिले.